जमादारमार्फत

घरात मांजराचं पिल्लू आणायचं का, असं भाचीने जेवताना विचारलं, तेव्हा आत्याने घास गिळायच्या आत "नाही" म्हटलं. समोरच्या खुर्चीवरून वहिनीनेही त्याच दमात "मुळीच नाही" म्हटलं. त्या घरात दोघींचं एखाद्या गोष्टीवर एकमत झाल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं, आणि आज ते झालेलं दोघींनाही पचलं नाही. वहिनी पाणी प्यायली, तिने तोंड पुसलं आणि मांडीवरच्या बोक्याला कानामागे खाजवत ती म्हणाली, "जमादार, आपण जरा घाईच केली बघ. पिल्लू आणायला तशी काही हरकत नाही."

आत्याने पायाशी बसलेल्या आपल्या मांजरीकडे पाहिलं. "चिंधे, ऐकलंस ना? आपण नको म्हटलं, म्हणजे आता ते यायलाच हवं."

भाचीने ताट पुढे सरकवलं. ती वहिनीची एकुलती एक मुलगी, तिशी ओलांडलेली. छापखान्यात पुस्तकं बांधायचं काम करायची आणि दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या खोलीत राहायची. तिच्या घरमालकाला उंदीर चालायचे, मांजर चालायचं नाही. छापखान्याच्या कागदाच्या गोदामात एक मांजर व्यायली होती. बाकीची पिल्लं कामगारांनी घरी नेली होती आणि एक उरलं होतं.

"दोघी एकदा नीट ऐकून घ्या," ती म्हणाली. "मला पिल्लाचा पुळका आलाय म्हणून मी बोलत नाहीये. जमादार थकलाय, चिंधीही थकलीय. आज ना उद्या दोघं जातील. त्यानंतर तुम्ही एकमेकींशी बोलणार कशा?"

घोडं नेमकं तिथेच अडत होतं.

गोष्ट अशी होती. वहिनीचा नवरा, म्हणजे आत्याचा थोरला भाऊ, अकरा वर्षांपूर्वी गेला. तो गेला त्या दिवशी वहिनीच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. घर माणसांनी भरलेलं होतं आणि आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "चला, एक बाई सुटली." दुसऱ्या दिवशी माणसं पांगल्यावर वहिनीने चहाचा कप आत्यासमोर ठेवला आणि शांतपणे विचारलं, "आता या घरात तुमचं नातं कुणाशी, वन्सं?" ही दोन वाक्यं दोघींनी एकमेकींना दिली आणि बोलणं संपलं ते संपलंच. घर दोघींच्या नावावर होतं. जी आधी बाहेर पडेल ती हरली, हे दोघींना न सांगता समजत होतं. म्हणून दोघी राहिल्या, एकाच स्वयंपाकघरात, एकमेकींना पाण्यात पाहत.

पण एका छपराखाली राहायचं तर न बोलून भागत नाही. नळ गळतो, गॅस संपतो, दाराशी कुणीतरी येऊन जातं. सुरुवातीला निरोप पोचवायचं काम भाचीकडे होतं. "आईला सांग", "आत्याला विचार", असं करता करता पोरीचं डोकं उठलं आणि तिने वेगळी खोली घेतली. मग मांजरं कामाला लागली. वहिनीने सांगायचं ते जमादारला सांगायचं, आत्याने चिंधीला. दुसरीने ऐकायचं आणि उत्तर आपल्या मांजराला द्यायचं. मांजर जवळ नसेल तर आधी ते शोधून आणायचं. एकदा शेगडीवर दूध वर यायला लागलं, तेव्हा ते सांगण्यासाठी वहिनी जमादारला गच्चीवरून आणायला गेली. आत्या तोवर शेगडीशेजारीच हाताची घडी घालून उभी होती, कारण तिला अजून कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

जमादारला गेली काही वर्षं ऐकू येत नव्हतं. दोघींनाही ते माहीत होतं, पण त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

इतकी वर्षं असं चालल्यावर या बोलण्याला एक वळण पडलं होतं. मांजरांना सांगितलेली कुठलीच गोष्ट मांजरांबद्दल नसे. "जमादार, चिंधीचे केस बघ कसे घरभर उडतात," असं वहिनी म्हणाली की आत्याने समजायचं, आपल्या कामाचा कचरा स्वयंपाकघरापर्यंत आलाय. "चिंधे, हा जमादार काय घोरतो गं," असं आत्या म्हणाली की वहिनी त्या रात्री आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची. चूक कधी होत नसे. नवराबायकोला संसार करून जमत नाही इतकं या दोघींना भांडून जमलं होतं.

आत्या पुढच्या खोलीत खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवायचं काम करायची, आणि सगळी गल्ली तिला आत्याच म्हणायची. जुनं कापड फाडायचं, आतला काथ्या उपसायचा, स्प्रिंगा सुतळीने आवळायच्या, वर फोम घालून नवं कापड ताणायचं आणि कडेने चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकायच्या. चुका ओठांत धरून काम करायची तिची सवय होती. वहिनीचं यावर म्हणणं, अर्थात जमादारपाशी केलेलं, असं होतं की चुका काढल्यावर ते तोंड जास्त टोचतं. वहिनी स्वतः औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची आणि घरातही तशीच बोलायची, मोजकं आणि कडू.

चिंधी आत्याला याच खोलीत मिळाली होती. एका गिऱ्हाइकाने पाठवलेल्या सोफ्याचं कापड फाडलं तर आत काथ्यात मुठीएवढं पिल्लू, डोळे चिकटलेले. भाऊ तेव्हा होता. त्याने ड्रॉपरने दूध पाजलं आणि पहिले आठवडे खिशात घेऊन फिरला. तो गेल्यावर या घरात माझी म्हणावी अशी आत्याकडे ती एकच उरली. बाकी भिंतींत, भांड्यांत, बाहेरच्या पायऱ्यांतसुद्धा वहिनीचा अर्धा वाटा होता.

म्हणून आत्याचं मागणं फार मोठं नव्हतं. चिंधीने फोमच्या तुकड्यांच्या ढिगावर, खिडकीतून येणाऱ्या उन्हात, कुणी छळत नसताना मरावं. पिल्लू आलं की ते तिच्या शेपटीला लटकणार, तिच्या ताटलीत तोंड घालणार, ढिगावरून तिला हुसकणार, हे आत्याला डोळ्यांसमोर दिसत होतं. उतारवयात कुणी घरातली जागा विचारली की कसं वाटतं, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. भाचीचं म्हणणं खरं होतं हेही तिला कळत होतं, आणि ते खरं असल्यामुळेच तिला जास्त राग येत होता.

शेवटी भाचीनेच तोडगा काढला. शनिवारी दुपारी ती पिल्लाला घेऊन येणार होती. काही तास ठेवून बघायचं, म्हाताऱ्या मांजरांनी सोसलं तर ठेवायचं, नाहीतर परत न्यायचं.

तो सगळा आठवडा घरात नुसती धुसफूस चालली. वहिनीला पिल्लाचं काही पडलेलं नव्हतं, पण आत्या नको म्हणते एवढं कारण तिला पुरत होतं. "जमादार, नवं रक्त आलं की घराला तरतरी येते," असं ती सकाळी म्हणायची. "चिंधे, ज्यांना जुनी माणसं नकोशी होतात त्यांना जुनी मांजरंही नकोशी होतात," असं आत्या संध्याकाळी परतवायची. मध्ये एकदा वहिनीने दुकानातून येताना पिल्लासाठी छोटी ताटली आणली आणि ती मुद्दाम ओट्यावर, आत्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. आत्याने ती उचलून त्यात चुका भरल्या.

अशातच एका सकाळी आत्या चहा करत होती. दोन्ही मांजरांच्या ताटल्या भिंतीशी शेजारी शेजारी होत्या, नेहमीसारख्या चाटूनपुसून स्वच्छ. वहिनी जमादारला कडेवर घेऊन आली आणि म्हणाली, "जमादार, चिंधी जेवत नाहीये बरं का. नुसतं पाणी पितेय."

आत्याच्या डोक्यात तिडीक गेली. ताटली तर डोळ्यांसमोर रिकामी दिसत होती. तेव्हा अर्थ उघड होता: चिंधी संपत आली, तिची जागा मोकळी होतेय, पिल्लाला वाट करा. "चिंधे," ती म्हणाली, "आपल्या ताटात कोण डोकावतंय ते लक्षात ठेव. आपण कुणाच्या घरचं खात नाही म्हणावं."

वहिनीने जमादारला दुसऱ्या कडेवर घेतलं. ताटली कोण चाटूनपुसून साफ करत होतं, ते तिच्या कडेवर बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती परत म्हणाली, "जमादार, चिंधीच्या तोंडाला वास येतोय. दात किडले असणार." इथे कुठल्याही शहाण्या माणसाने वाकून मांजरीच्या तोंडाचा वास घेतला असता. पण शहाणं माणूस त्या घरात केव्हाच कुणी उरलं नव्हतं. तोंडाला वास, किडलेले दात, हे आपल्या तोंडाबद्दलच आहे, हे आत्याला लख्ख कळलं. इतक्या वर्षांत असल्या टोमण्यांचा अर्थ लावताना ती कधी चुकली नव्हती. कप तसाच टाकून ती पुढच्या खोलीत गेली आणि एका दवाखान्याच्या बाकांची कापडं ओढून ओढून फाडत बसली.

तिसऱ्या वेळी वहिनी पुढच्या खोलीच्या दारापर्यंत आली. एरवी ती तिथे पाऊल ठेवत नसे. जमादार अंगाने दांडगा, त्याला तिने दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. आत्याच्या ओठांत चुका होत्या आणि चिंधी ढिगावर तोंड खाली घालून पडली होती. वहिनी उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "जमादार, यांना सांग, हिला डॉक्टरकडे न्यायला हवं. आजच न्यायला हवं."

आत्याने हातोडी खाली ठेवली आणि एकेक करून चुका तोंडातून काढल्या. डॉक्टरकडे नेऊन काय करायचं ते तिला समजत होतं. एक सुई, आणि शनिवारी पिल्लाला सगळं रान मोकळं. ती उठली, दाराशी गेली आणि वहिनीच्या तोंडावर दार लावून घेतलं. बाहेर वहिनी थोडा वेळ तशीच उभी राहिली असावी, कारण पावलांचा आवाज लगेच आला नाही.

शनिवारी भाची खोक्यात पिल्लू घेऊन आली. करड्या रंगाचं, कान अंगापेक्षा मोठे, भीती कशाशी खातात ते माहीत नसलेलं. खोक्यातून उडी मारून ते थेट दिवाणावर गेलं आणि जमादारच्या शेपटीवर तुटून पडलं. जमादारने एक डोळा उघडला, पंजा उगारला, आणि एवढ्याशा जिवासाठी कोण उठणार असा विचार करून परत झोपला. मग पिल्लू पडद्यावर चढलं, पडद्यावरून वहिनीच्या खांद्यावर उतरलं आणि तिच्या शालीत शिरून तिच्या गळ्याशी घरघरायला लागलं.

"हं," वहिनी म्हणाली. तिला काहीतरी खवचट बोलायचं होतं, ते तिच्या तोंडातच राहिलं. तिने हळूच शालीवरून हात ठेवला. आत्याने ते पाहिलं. वहिनीने कुणावर तरी असा हात ठेवलेला तिने फार दिवसांत पाहिला नव्हता, आणि ते बघून तिचा जीव आणखीच जळला. आता ही बया खरंच ते ठेवून घेणार, असं तिच्या मनात आलं.

"आता चिंधीला दाखवू," भाची म्हणाली.

तिघी पुढच्या खोलीत गेल्या. भाचीने पिल्लाला जमिनीवर ठेवलं. ते नाचत ढिगापर्यंत गेलं, चिंधीच्या तोंडाशी नाक नेलं आणि मागे सरलं. शेपटी पिंजारली नाही, फिसकारलं नाही, नुसतं मागे सरून बसून राहिलं. चिंधीने मान उचलायचा प्रयत्न केला आणि ती एका अंगावर कलंडली. आत्याने तिला उचललं तेव्हा हाताला फक्त हाडं लागली. एवढ्या केसांच्या खाली केवढंसं मांजर उरलं होतं ते तिला पहिल्यांदाच कळलं, आणि तो वास आला.

भाची पिल्लाला आवरायला मागे राहिली. चिंधीला टोपलीत घालून आत्या डॉक्टरकडे निघाली. टॅक्सीत बसून तिने दार ओढलं, तर दुसऱ्या बाजूने वहिनी आत बसलेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, आणि उतरा असं जिच्याकरवी म्हणायचं ती टोपलीत अर्धमेली पडली होती.

ड्रायव्हरने कुठे जायचं विचारलं. "यांना विचारा, कुठला दवाखाना ठाऊक आहे," आत्या म्हणाली. "त्यांना सांगा, बाजाराच्या मागचा," वहिनी म्हणाली. "आणि त्यांना सांगा, खिडकी लावा, टोपलीत वारा येतोय." ड्रायव्हरने आरशात एकदा इकडे आणि एकदा तिकडे पाहिलं. "त्या तुमच्या शेजारीच बसल्यात," तो म्हणाला, आणि पुढे त्याने तोंड उघडलं नाही.

जनावरांची डॉक्टरीण वयाने लहान आणि कामाने थकलेली दिसत होती. तिने चिंधीचा जबडा उघडला, टॉर्च मारला, पोट चाचपलं. मागच्या दातांपाशी गळू झालं होतं, ते आत पसरलं होतं. मूत्रपिंडं जेमतेम चालत होती, उपासाने तीही बसली. "हिच्या पोटात गेले कित्येक दिवस काही गेलेलं नाही," ती म्हणाली. "दात दुखत असताना आणली असती तर दात काढून टाकला असता. वय झालंय, पण आणखी वर्षभर आरामात काढलं असतं हिने. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का?"

आत्या टेबलाची कड धरून उभी होती. तिला वाटलं, वहिनी आता डॉक्टरणीला सांगेल. सगळं सांगेल, दिवसांसकट. पण वहिनी भिंतीवरच्या मांजरांच्या चित्राकडे पाहत राहिली.

"ती फार त्रासात आहे," डॉक्टरीण म्हणाली. "आता आपल्या हातात एकच गोष्ट आहे. तुम्ही दोघी ठरवा, मी पाच मिनिटांत येते." आणि ती दार लोटून बाहेर गेली.

खोलीत कुणी उरलं नाही. जमादार घरी होता, भाची घरी होती, ड्रायव्हर निघून गेला होता. टेबलावर चिंधी होती, पण तिला काही सांगावं अशी ती राहिली नव्हती. आत्याने तिच्या कानांमध्ये बोट फिरवलं. कान गार पडले होते. बाहेर कुणाचा तरी कुत्रा केकाटत होता.

"मी सांगितलं होतं तुम्हाला," वहिनी म्हणाली.

आवाज कोरडा होता, काउंटरवरचा. आत्याने मान वळवली. वहिनी तिच्याकडेच बघत होती. अकरा वर्षांत एकमेकींच्या तोंडाकडे सरळ न बघितल्यामुळे तिला आधी काही ओळखूच येईना. ही बाई म्हातारी झाली होती, तिच्या ओठांच्या कडा खाली आल्या होत्या, आणि तिचे डोळे आताही कोरडेच होते.

"मला नाही सांगितलंत," आत्या म्हणाली. "जमादारला सांगितलंत."

डॉक्टरीण परत आली, तेव्हा आत्याने मान हलवून हो म्हटलं. सुई बारीक होती आणि वेळ फार लागला नाही. चिंधीला तिथल्याच माणसांकडे सोपवायचं ठरलं, कारण घराला माती नव्हती, नुसती फरशी होती. परतीच्या टॅक्सीत दोघी दोन खिडक्यांतून बाहेर बघत बसल्या. या ड्रायव्हरला कुणी काही सांगायला सांगितलं नाही.

भाचीने दार उघडलं आणि रिकामी टोपली पाहून ती बाजूला सरली. पिल्लू तिच्या पायांतून सटकून पुढे आलं. वहिनी चपला काढून सरळ दिवाणापाशी गेली, जमादारच्या शेजारी बसली आणि सवयीने त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "जमादार, त्यांना सांग..."

"त्याला नका सांगू," आत्या म्हणाली. "मला सांगा."

भाची जिथे होती तिथेच थांबली. वहिनीने हात उचलून मांडीवर घेतला.

"तुमचं मांजर तुमच्या हेक्याने गेलं," ती म्हणाली.

"हो."

"तीनदा सांगितलं मी. त्या धुडाला उचलून तुमच्या दारापर्यंत आले."

"आलात. नुसती वन्सं म्हणून हाक मारली असतीत तरी मी उठले असते."

"नाही मारली," वहिनी म्हणाली. "तुम्ही भरल्या घरात जे बोललात त्यानंतर ती हाक माझ्या तोंडून निघत नाही. तिथे दारात उभी राहून मी दोनदा तोंड उघडलं. नाही निघाली. तुमची मांजरी मरतेय हे डोळ्यांनी दिसत होतं, तरी नाही निघाली. आताही निघत नाहीये."

आत्याला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. त्याच वेळी तिला कळत होतं की इतक्या वर्षांत तिला कुणी सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट आहे. तिने टोपली जमिनीवर ठेवली. पिल्लाने त्यात डोकं घालून हुंगलं, मग ते दिवाणावर चढलं आणि वहिनीच्या मांडीत जाऊन गोल झालं. वहिनीची बोटं आपोआप त्याच्या मानेपाशी गेली.

भाचीने पिल्लाकडे बोट दाखवलं. "मग याचं काय करायचं?"

"मला ठेवायचंय," वहिनी म्हणाली. हे तिने भाचीला सांगितलं नाही, आत्याकडे बघून सांगितलं. "आधी तुम्हाला डिवचायला म्हणत होते. आता खरंच ठेवायचंय."

"ठाऊक आहे. दुपारी बघितलं मी."

"मग?"

"मग नको." आत्या पुढे येऊन तिच्यासमोर उभी राहिली. "हे राहिलं तर उद्या सकाळी चहाच्या वेळी तुम्ही याला काहीतरी सांगाल. मी याला उत्तर देईन. दोन दिवसांत आपलं छान चालू होईल आणि हे मरेपर्यंत चालेल. तेव्हा याच्याही तोंडाला वास येईल आणि तेव्हाही आपल्याला वाटेल, हा टोमणा आहे. मला तुमचा राग येतो, वहिनी. पोटातून येतो. पण तो मला तुमचाच येऊ दे. मध्ये जनावर नको."

वहिनीने खाली मांडीकडे पाहिलं. पिल्लाला झोप लागली होती. आत्याला वाटलं, ही आता नाही म्हणेल, घर माझंही आहे म्हणेल, आणि ते तिचं म्हणणं चुकीचंही नसेल. पण वहिनीने पिल्लाखाली दोन्ही हात घातले, ते उचलून एकदा गालाला लावलं आणि भाचीकडे दिलं.

"आमच्या दुकानात ने याला," ती म्हणाली. "मागच्या खोलीत उंदीर फार झालेत, मालक ठेवून घेईल. मी बोलते त्याच्याशी. इथे ठेवायचं नाही."

भाचीने पिल्लाला खोक्यात ठेवलं. दाराशी जाऊन ती वळली. "मी थांबू का?"

"तू जा," आत्या म्हणाली. "ऐकण्यासारखं नसेल हे."

भाची गेली. वहिनीने दाराला कडी घातली आणि दारालाच पाठ टेकून ती उभी राहिली. तिचे हात अजून पिल्लू धरल्यासारखे पुढे होते, ते तिने खाली सोडले.

"बसा," ती म्हणाली.

"उभीच बरी आहे," आत्या म्हणाली. "तुम्ही सुरुवात करा. संपेपर्यंत मी तोंड उघडणार नाही."

वहिनीने अंगावरची शाल काढून खुर्चीवर टाकली आणि सुरुवात केली.